पाय बघणारे भामरे सर

भामरे सर माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, पायांकडे बघायचे. मी त्यांच्या लॅबची इन्चार्ज म्हणून रुजू झाले त्या दिवशी मला वाटलं, आपली चप्पल तुटली की काय. वाकून पाहिलंसुद्धा. मग ते म्हणाले, पगारे मॅडम, तुमचा डावा गुडघा दुखतो, जिना उतरताना तुम्ही त्याला सांभाळता. गुडघा दुखत होता हे खरं, पण पहिल्याच भेटीत परक्या माणसानं आपल्या गुडघ्यावर बोलावं हे काही मला रुचलं नाही. संध्याकाळी इंदिरानगरला घरी पोचले आणि नवऱ्याला सांगितलं, नवीन ठिकाणी एक चक्रम भेटलाय.

चक्रम हा शब्द मी नंतर मागे घेतला, पण पूर्ण नाही.

सर सटाण्याकडचे. घरी डाळिंबाची बाग, ती भाऊ बघायचा. हे शिकले, परदेशात जाऊन मोठी पदवी घेऊन आले आणि नाशकातल्या आमच्या साध्यासुध्या इंजिनिअरिंग कॉलेजात कंट्रोल सिस्टिम शिकवायला लागले. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही ते मी विचारलं नाही. स्टाफरूममधल्या बाकी सगळ्यांचं विचारून झालं होतं. चहा पार गार झाल्याशिवाय प्यायचे नाहीत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रबरी टोकाची छोटी हातोडी असायची, डॉक्टर लोक गुडघ्यावर मारतात ना, ती. समोर कोणी पायावर पाय टाकून बसलं की सरांचा हात खिशाकडे गेलाच म्हणून समजा. एकदा प्राचार्य असे बसून फोनवर बोलत होते. सरांनी टकदिशी हातोडी मारली, प्राचार्यांचा पाय उडून टेबलाला लागला आणि चहा सगळा फायलींवर. सर मात्र खुशीत. "बघा, साहेबांच्या डोक्याला पत्ताच नव्हता," म्हणाले. त्या वर्षी आमच्या लॅबला नवीन कॉम्प्युटर का मिळाले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाऊन लोकांच्या मागे मागे चालायची त्यांना सवय होती. व्यायामासाठी नाही, चाल बघायला. एक दिवस एका बाईच्या मागे तिसरी फेरी झाली तेव्हा तिनं चार माणसं गोळा केली. सर काकुळतीला येऊन सांगताहेत की ताई, तुमचा उजवा पाय किंचित उशिरा उठतो, तेवढंच बघत होतो. यानं प्रकरण मिटलं असतं का? शेवटी मला फोन आला, आणि मी जाऊन त्या बाईंसमोर शपथेवर सांगितलं की हा माणूस निरुपद्रवी आहे, फक्त त्याला अक्कल नाही.

त्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलेला होता. आपण चालतो ते नेमकं कोण चालवतं? मला त्यांनी समजावलं ते असं. कारखान्यात मालक फक्त म्हणतो, काम चालू करा. कुठला नट कोणी कधी आवळायचा हे मुकादम बघतो. मेंदू हा मालक. पाठीच्या कण्यातून खाली जाणारा मज्जारज्जू हा मुकादम. मेंदू 'चल' म्हणतो. पुढे कुठला स्नायू ताणायचा, कुठला सोडायचा, एक पाय उचलला की दुसऱ्यानं वजन कसं धरायचं, हे खालच्या खाली ठरतं. मज्जारज्जूतल्या पेशींची ही आपापसातली जोडणी सरांनी गणितात मांडून कॉम्प्युटरमध्ये उभी केली होती. पाय वाकवणाऱ्या पेशींचा एक गट, सरळ करणाऱ्यांचा दुसरा. एक बोलायला लागला की दुसऱ्याला गप्प करणार, मग दुसरा उठून पहिल्याला गप्प करणार, आणि या भांडणातून पाऊल पडणार. स्क्रीनवर एक कंबर आणि दोन पाय, बस्स. वर धड नाही, डोकं नाही. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं बंडू. डोक्याच्या जागी वरून येणारा एक आकडा होता, त्याला सर 'वरची आज्ञा' म्हणायचे. आज्ञा वाढवली की बंडू भरभर चालायचा, कमी केली की रेंगाळायचा. वर्गात एखादा पोरगा बावळटासारखा बसला की सर म्हणायचे, याला डोकं नाही तरी चालतो, तुला आहे तर उपयोग कर.

एका बाबतीत मात्र ते भयंकर कडक होते. बंडू चालावा म्हणून कोणी आकडा जुळवून टाकला की संपलं. एका पोराला त्यांनी यासाठी प्रोजेक्टमधून काढलं, त्याचे वडील भांडायला आले तरी घेतलं नाही. "बंडूला आपल्याला हवं ते बोलायला लावायचं नाही," म्हणायचे. "त्याला विचारायचं आणि गप्प बसायचं."

हे सगळ्यात नीट कळलं ते सोनाली भोयेला. हरसूलच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावरची पोरगी, भात-नागलीची शेती, घरात शिकलेली पहिलीच. बोलायची कमी. पहिल्या वर्षी इंग्रजीनं तिला रडवलं, तिसऱ्या वर्षी ती सरांच्या चुका काढायला लागली, आणि सर चूक निघाली की हरखून जायचे. दोघं तासन्‌तास बंडूसमोर बसायची. मी जेवणाचे डबे त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवायचे, नाहीतर दोघंही उपाशी राहिली असती.

कॉलेजच्या प्रदर्शनात तिनं बंडूला चढावर चालवलं. गर्दी जमली, टाळ्या पडल्या, बक्षीस ठरल्यासारखंच होतं. तिचे वडील, काशिनाथ भोये, खास गावाहून आले होते. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. स्क्रीनसमोर हात जोडून उभे राहिले. ह्याला कोन चालवतं, म्हणून त्यांनी लेकीला विचारलं, आणि ती अभिमानानं म्हणाली, आमचे सर. परीक्षक यायच्या आधी पोरगी सरांकडे आली, चेहरा पांढराफटक. म्हणाली, सर, तो माझ्या चुकीमुळे चालतोय, चढाचा कोन मी उलटा टाकलाय, हा उतार आहे. आणि तेच तिनं परीक्षकांना सांगितलं. बक्षीस गेलं. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले. कशाचे, ते कोणालाच कळलं नाही, पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

शेवटच्या वर्षी ती शिमग्याला घरी निघाली आणि घाटात जीप उलटली. बाकीच्यांचे हातपाय मोडले. सोनालीची पाठ मोडली.

नाशिकच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी भोयेंना आणि आम्हाला एकत्रच सांगितलं की मज्जारज्जू कंबरेच्या वर पूर्ण तुटलाय, खाली निरोप जाणार नाही आणि वर येणार नाही. सरांनी दोनतीन प्रश्न विचारले. भोये त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "सर, तुमच्या त्या मशिनीत पाय चालतो," म्हणाले. "मंग माझ्या पोरीचा बी चालवा." त्या वेळी पहिल्यांदा मी सरांना एखाद्याच्या तोंडाकडे बघताना पाहिलं. घरी जाऊन मी भांडी घासताना रडले, आणि नवऱ्यानं काय झालं विचारलं तर त्याच्यावरच ओरडले.

सोनालीला पाड्यावर नेलं. पावसाळा सरता सरता भोयेंचा फोन आला, पोरीचा पाय हालला. आम्ही त्याच दिवशी माझ्या नवऱ्याची गाडी घेऊन निघालो. वाटेत सर मला समजावत होते, अगदी वर्गात सांगतात तसं. मॅडम, हे होणारच होतं. मुकादम जिवंत आहे, मालकाशी त्याचा फोन तुटलाय. आता तो आपल्याच मनानं पाय झटकतो. गोधडी घासली, टाच धरून ताणली तरी झटकतो. याला बरं होणं म्हणत नाहीत, लोक मात्र नेमके इथंच फसतात. मी म्हटलं, मग हे भोयेंना नीट सांगा. सांगतो ना, म्हणाले.

घरासमोर अख्खा पाडा जमलेला. नारळ फुटलेला, तुकडे सगळ्यांना वाटलेले. सोनाली खाटेवर, आमच्याकडे बघून हसली. सरांनी तिला विचारलं, तू हलवला होतास का? नाही सर, म्हणाली, मला तर कळलंसुद्धा नाही, आईनं सांगितलं. तिथं विषय संपला होता. पण सरांनी तिची टाच हातात धरली आणि म्हणाले, आता हलव. तिनं डोळे मिटले, दात आवळले. दारात माणसं दाटीनं उभी. आणि पाय झटकला.

टाच धरून ताणली की पाय झटकतो, हे त्यांनीच मला गाडीत सांगितलं होतं. सोनालीनं डोळे उघडून सरांकडे पाहिलं, ती काही बोलणार होती. पण सर भोयेंकडे वळले होते. "थोडं शिल्लक आहे," म्हणाले. "एखादा धागा राहिलाय."

भोयेंनी त्यांचे पाय धरले. परतताना मी चिडून विचारलं की सर, हे काय बोललात? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, मी 'हलव' म्हटलं आणि तेव्हाच हलला मॅडम, वेळ जुळली. मी पुढे वाद घातला नाही. मलाही ते खरं असायला हवं होतं.

त्यानंतर त्या माणसाला मी ओळखेनाशी झाले. सर वर्गावर जायचे, शिकवायचे, परत येऊन बंडूसमोर. पुरती आज्ञा तोडून, एकच बारीक धागा शिल्लक ठेवून त्यांनी बंडूला चालवायला घेतलं. जोडण्या बदलून पाहिल्या, पाठीत बाहेरून विजेचा हलका झटका दिला तर काय होईल ते गणितात मांडलं, बाहेरच्या देशांतल्या ओळखीच्या लोकांना मेल पाठवल्या. तिकडून सभ्य भाषेत उत्तरं आली की रिपोर्ट बघता आमच्याकडे काही करता येणार नाही. सर ती उत्तरं मला वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, यांना धाग्याचं माहीत नाही ना. दाढी वाढली, सदरा चुरगळलेला, डबा तसाच परत. आणि एक दिवस बंडू त्या धाग्यावर चालला. लटपटत, पण चालला. सरांनी त्याचा व्हिडिओ काढून भोयेंच्या मोबाइलवर पाठवला. मला हे नंतर कळलं.

भोयेंनी अंगणात बांबूचे कठडे बांधले. सकाळ-संध्याकाळ पोरीला लुगड्यानं त्या बांबूंना बांधून उभी करायचे. जुन्या विद्यार्थ्यांनी सोनालीसाठी चांगली चाकाची खुर्ची घेतली होती. भोयेंनी ती अंगणातसुद्धा येऊ दिली नाही. खुर्ची घरात आली म्हणजे पोरगी अपंग झाली, आणि सर तर सांगतात चालणार. ती खुर्ची लॅबच्या कोपऱ्यात पडून राहिली, तिच्यावर सरांनी एक जुनी चादर टाकली. इकडे नाशकातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं सोनालीला अपघाताआधीच कॉलेजातून निवडलं होतं, आता तळमजल्यावर राहायची सोयही करणार होते. रुजू व्हायची तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती, आता पुन्हा ढकलणार नव्हते. भोयेंचं एकच म्हणणं, जाईल ती, पायानं जाईल.

मग सोनालीचा मला फोन आला. आवाज अगदी शांत. "मॅडम, माझ्या टाचेला जखम झालीय. उभं करून करून. मला कळलीच नाही, वास यायला लागला तेव्हा आईनं पाहिलं. हाडापर्यंत गेलीय. बाबा औषध लावतात आणि पुन्हा उभं करतात. मला नोकरीवर जायचंय, मॅडम. सरांना म्हणावं, वरची आज्ञा शून्य करून बंडू चालवा. त्यांनी ते केलेलं नाही, मला माहितीय."

मी तशीच लॅबमध्ये गेले. सर बसलेले होते. निरोप जसाच्या तसा सांगितला, जखमेचा वाससुद्धा सांगितला. ते माझ्या अंगावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चिडले की ते अहिराणीवर यायचे. "हाई काय शे? शून्य कशाला करू? धागा शे तिथे!" मी पण काही कमी नाही. म्हटलं, सर, त्या पोराला तुम्ही प्रोजेक्टमधून काढलंत, आता स्वतःला कोण काढणार? पोरीचा पाय सडतोय आणि तुम्ही आकडा जुळवत बसलाय. नोकरी गेली तरी चालेल असं त्या क्षणी वाटलं.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग धाग्यापुरता ठेवलेला वरच्या आज्ञेचा आकडा खोडला आणि शून्य टाकलं.

बंडूचा एक पाय झटकला. मग दुसरा. मग दोन्ही पाय ताठ झाले, कंबर एका बाजूला कलंडली आणि तो जमिनीवर पडला. पडल्यावरही पाय झटकत राहिले. सरांनी पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले, तिला माहीत होतं, मॅडम, पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ती माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसली. मग टेबलावर डोकं ठेवून ते रडले, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसं. बाहेरून पोरं डोकावली, मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती चाकाची खुर्ची गाडीत घातली आणि पाड्यावर गेलो. सरांना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. त्यानंतर त्यांनी राजीनामा पाठवला आणि गावी भावाकडे निघून गेले. फोन उचलत नाहीत. मी दोनदा सटाण्याला जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा स्टँडवरून परत आले. जाऊन त्यांना काय म्हणणार होते मी?

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा भोये अंगणात पोरीला उभी करत होते. लुगड्याची गाठ मारून झाली होती, सोनालीची मान खाली. सरांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. धागा नाही, कधीच नव्हता, डॉक्टर म्हणाले तेच खरं. न अडखळता सांगितलं, जसं सांगायला हवं होतं तसं. भोयेंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सरांच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले, "सर, तुमी लय दमलाय. घरी जा, चार दिस आराम करा. तवर मी तिला उभी करतो."

सरांचा चेहरा कसा झाला ते मला शब्दांत नाही सांगता येणार. पोरगी चालेल, हे सरांच्या तोंडून आलं म्हणून भोयेंनी धरून ठेवलं होतं. आता तेच सर नाही म्हणताहेत, तर सरांचं डोकं ठिकाणावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी मधे बोलायचा प्रयत्न केला, पण माझं कोण ऐकणार? सोनालीची आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

सर कठड्याकडे गेले आणि लुगड्याची गाठ सोडायला लागले. भोये 'सर, सर' करत धावले. सरांनी ऐकलं नाही. अंगानं माणूस किडकिडीत, कधी ओझं उचललेलं नाही, पण त्यांनी पोरीला दोन्ही हातांवर घेतलं. सोनालीनं त्यांच्या गळ्यात हात टाकला. झोकांड्या खात त्यांनी तिला अंगण ओलांडून खुर्चीपर्यंत आणलं, बसवलं, आणि समोर गुडघे टेकून तिचे पाय एकेक करून खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाटीवर ठेवायला लागले. जखमेवरची चिंधी त्यांच्या हाताला लागली तेव्हा ते थांबले. तेवढ्यात पाय झटकला, पाटीवरून खाली आला.

"हालला," भोये म्हणाले. "बघा सर. हालला ना?"

सरांनी पाय दोन्ही हातांनी धरला, झटके थांबेपर्यंत धरून ठेवला.

"हलला," ते म्हणाले. "तिनं नाही हलवला. मी तुमच्याशी खोटं बोललो, काका."

भोये टोपी काढून कठड्याच्या बांबूला टेकून खाली बसले. सोनालीनं चाकांना हात घातले आणि खुर्ची हळूहळू गाडीच्या दिशेनं वळवली. तिचा पाय सरांच्या हातातून सुटला. सर तिथंच, रिकामे हात पुढे धरून, गुडघ्यांवर बसून राहिले.